फॉर्च्यूनची हाडं: संग्रहालयातल्या सांगाड्याला कवितेनं आवाज दिला तेव्हा...

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात वॉटरबरी नावाचं शहर आहे. तिथल्या मॅटाटक संग्रहालयात १९७० पर्यंत एक मानवी सांगाडा प्रदर्शनात ठेवलेला होता. लोक त्याला 'लॅरी' म्हणायचे. पण हे त्याचं खरं नाव नव्हतं. तो सांगाडा होता फॉर्च्यून नावाच्या एका कृष्णवर्णीय गुलामाचा.

फॉर्च्यून कोण होता?

गुलामगिरी म्हटलं की अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं आठवतात. पण उत्तरेकडच्या कनेक्टिकटमध्येही ती १८४८ पर्यंत पूर्णपणे संपली नव्हती. फॉर्च्यून आणि त्याची बायको डायना हे डॉ. प्रिझर्व्ड पोर्टर यांच्या मालकीचे होते. पोर्टर मोडलेली हाडं बसवण्याचं काम करायचे.

१७९८ मध्ये फॉर्च्यून वारला. पोर्टर यांनी त्याचं दफन केलं नाही. वैद्यकीय अभ्यासासाठी त्याचा सांगाडा तयार केला. तो पिढ्यानपिढ्या पोर्टर घराण्यात राहिला आणि १९३३ मध्ये संग्रहालयात आला. तोवर नावाचाही विसर पडला होता. १९९० च्या दशकात संशोधनातून फॉर्च्यूनची ओळख पुन्हा समोर आली. हाडांवर अंगमेहनतीच्या आणि दुखापतींच्या खुणा होत्या.

कवितेनं काय केलं?

फॉर्च्यूननं स्वतः लिहिलेलं काहीच मागे उरलेलं नाही. ही पोकळी भरली कवयित्री मॅरिलिन नेल्सन यांनी. संग्रहालयाच्या विनंतीवरून त्यांनी लिहिलेलं 'फॉर्च्यून्स बोन्स: द मॅन्युमिशन रेक्विएम' २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. मॅन्युमिशन म्हणजे गुलामाला मुक्त करणं, तर रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना.

यात आधी डायना बोलते. ज्या घरात नवऱ्याची हाडं ठेवली आहेत, तिथेच तिला राबावं लागतं. मग मालक डॉक्टर बोलतो. पुढे खुद्द फॉर्च्यून बोलतो आणि ठणकावून सांगतो की, तो म्हणजे त्याची हाडं नव्हेत. आवाज कल्पनेतले आहेत, पण कवितांसोबत पुस्तकात इतिहासाची माहितीही दिली आहे. त्यामुळे काय घडलं आणि काय कल्पिलं, हे वाचकाला वेगळं ओळखता येतं.

पुढे काय झालं?

सप्टेंबर २०१३ मध्ये फॉर्च्यूनचे अवशेष राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. त्यानंतर वॉटरबरीत त्याचं दफन झालं, मृत्यूनंतर तब्बल २१५ वर्षांनी आणि त्याच्या खऱ्या नावानं.