गोव्यात बारटेंडरची नोकरी : पगार किती, खर्च किती आणि हातात उरतं किती?

सावंतवाडी : दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला तालुक्यांतल्या कुठल्याही वाडीत ‘झील खंय असता?’ असं विचारलं, तर बऱ्याच घरांतून ‘गोव्याक’ हेच उत्तर येतं. 5 जानेवारी 2023 पासून मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली. पेडणे तालुका तर आपल्या हद्दीला लागूनच आहे, त्यामुळे हॉटेल आणि बारमधल्या नोकऱ्या आणखी जवळ आल्या. त्यात बारटेंडरची नोकरी पोरांना जास्त खुणावते. कपडे टापटीप, काम एसीत आणि वर टीप. जाहिरातीत पगाराचा आकडाही बरा दिसतो. घरी पैसे पाठवायची वेळ आली की मात्र हिशोब वेगळाच निघतो.

पहिली गोम ‘सीटीसी’ या शब्दात आहे. जाहिरातीतल्या आकड्यात पुष्कळदा मालकाने भरायचा पीएफ, जेवणाची किंमत, कधी राहण्याची सोय हे सगळं धरलेलं असतं. म्हणून मुलाखतीत ‘सीटीसी किती’ हे विचारून थांबू नये. बेसिक किती, कापून हातात किती आणि जेवण-खोली त्यात धरली आहे का, हे तिन्ही विचारावं.

उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, आपापले घालून बघावेत. समजा एकूण पगार 18,000 आणि त्यात पीएफसाठी धरलेलं बेसिक 15,000. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातील. ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये. हातात आले 16,065.

आता खर्च. बार रात्री उशिरा बंद होतो आणि त्या वेळेला बांद्याकडे यायला बस नसते. म्हणजे एकतर भाड्याची खोली, नाहीतर रोज रात्री मोटरसायकल. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, पण रोजचं अंतर धरलं तर ती बचत कुठल्या कुठे जाते. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा 3,500, ड्युटीवरचं जेवण सोडून बाकीचं खाणं 2,500, येणं-जाणं 1,800, मोबाइल, कपडे धुणं, बूट, साबण मिळून 1,000 धरू. झाले 8,800. उरले 7,265 रुपये.

शेजारी ठेवायला एक आकडा : 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 312 रुपये रोज होती, गोव्यात 378. महाराष्ट्राच्या दराने 26 दिवसांचे 8,112 होतात. महिन्याला 26 दिवस हमीचं काम मिळत नाही हे खरं, आणि त्या पैशांतूनही घरखर्च करावाच लागतो. तरीपण 18,000 चा पगार घरी पोचेपर्यंत किती आटतो, हे यावरून कळतं.

टीपवर सगळा खेळ

याच हिशोबात दिवसाला 200 रुपये टीप धरली, तर 26 दिवसांचे 5,200 होतात आणि शिल्लक 12,465 वर जाते. म्हणजे या धंद्यात पगारावर घर चालतं आणि टीपवर बचत होते. पण टीप ही कागदावर नसलेली कमाई. तिच्यावर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि बँक कर्ज देताना पगाराची स्लिप बघते, टीपची बरणी नाही.

कार्डावर दिलेली टीप आधी हॉटेलच्या खात्यात जाते आणि मग वाटली जाते. अशी टीप ग्राहकाने दिलेली असते, तो मालकाने दिलेला पगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2016 च्या आयकराच्या एका निकालात म्हटलं आहे. त्यामुळे ‘टीप चांगली मिळते, म्हणून पगार कमी’ हे बोलणं कुणी ऐकवलं तरी ते किमान वेतनाच्या खाली जायचं कारण होऊ शकत नाही. वाटपाची पद्धत मात्र जागेगणिक बदलते. कुठे सगळ्यांची टीप एकत्र करून किचनपर्यंत वाटतात, कुठे ज्याची त्याला. कामाला लागतानाच विचारून घेतलेलं बरं, नंतर भांडणं होतात.

बिलात लावलेला ‘सर्व्हिस चार्ज’ ही आणखी वेगळी गोष्ट. तो आपोआप लावू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जिथे तो लावला जातो तिथे गिऱ्हाईक समजतं की पोराला पैसे पोचले, आणि वेगळी टीप ठेवत नाही.

बाटलीचा हिशोब

नवख्याचा पगार इथे जातो. 750 मिलीच्या बाटलीत 30 मिलीचे 25 छोटे पेग बसतात, मोठे साडेबारा. हात सैल पडून प्रत्येक छोट्या पेगला 2 मिली जास्त गेली, तर त्याच बाटलीतून 23 पेग निघतात आणि थोडी उरते. बाटलीमागे दीड पेग गेला. पेग 150 रुपयांचा धरला तर सव्वादोनशेच्या वर. अशा दहा बाटल्या संपल्या की रात्रीचा स्टॉक जुळत नाही आणि बोट बारटेंडरकडे जातं. म्हणून जुनी माणसं सांगतात की गर्दी कितीही असो, माप सोडून ओतू नये. काउंटर ताब्यात घेताना उघड्या बाटल्यांसकट स्टॉक मोजून वहीवर सही घ्यावी. आधीच्या शिफ्टची तूट अंगावर येत नाही.

तूट निघाली म्हणून मालकाला वाटेल तेवढं कापता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, माल त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला असला आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, तरच कपात करता येते. त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. जादा कामाचा दर दुप्पट. नोकरी सुटली किंवा सोडली, तर राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा. किमान वेतन काम करतो त्या राज्याचं लागतं, गाव कुठलं ते बघत नाहीत. तक्रारीसाठी गोव्याच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात आहे. नेमणुकीचं पत्र नसेल तर तिथे आपली बाजू लंगडी पडते, म्हणून पत्र पहिल्या दिवशीच मागावं.

पावसाचे चार महिने

किनाऱ्यावरचे शॅक पावसाआधी उतरवतात. तिथली नोकरी साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठ महिने. वरच्या हिशोबातले 7,265 आठ महिनेच मिळाले, तर वर्षाचे 58,120 होतात. बारा महिन्यांवर पसरले की महिन्याला 4,843. टीप धरून 99,720, महिन्याला 8,310. पोरगा लावणीला घरी येतो, तेवढी मजुरी वाचते, हेही जमेला धरायला हवं. पण दुचाकीचा हप्ता काढायचा तर तो 12,465 वर नाही, 8,310 वर बघून काढावा, कारण हप्ता जून-जुलैतही येतो. बारमाही हॉटेलात पगार थोडा कमी मिळाला तरी वर्षाची बेरीज बहुतेक वेळा जास्त भरते.

पीएफ कापला की पोरं कुरकुरतात. वरच्या उदाहरणात मालकही 1,800 भरतो. त्यातले 1,250 पेन्शनकडे जातात आणि 550 खात्यात. आपले 1,800 धरून खात्यात महिन्याला 2,350 पडतात, वर्षभर काम असेल तर व्याज सोडून 28,200. पैसे खरंच भरले जातात का, ते उमंग अॅपवर यूएएन टाकून बघता येतं. जागा बदलली तरी यूएएन तोच ठेवावा, नवीन काढू नये.

ईएसआयचं तर सिंधुदुर्गवाल्यांनी मुद्दाम विचारावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी 21,000 पर्यंतच्या पगाराला ते लागू होतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2018 पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि त्याची झळ आपल्या जिल्ह्याला किती बसली ते सगळ्यांना ठाऊक आहे. ईएसआय कार्ड असलं की मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार मिळतात, घरच्यांची नावं घातली असतील तर त्यांनाही. महिन्याला 135 रुपयांत.

खाण्याच्या खर्चाला एक आधार आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही आहेत. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य मिळतं. पोराने आपल्या वाट्याचं गोव्यात उचललं तरी बाकीच्यांचं गावात मिळतं. फक्त आधार कार्डाला जोडलेलं असायला हवं आणि अंगठा जुळायला हवा. ते काम गणपतीला गावी आल्यावर आपल्या रेशन दुकानातच उरकून घ्यावं.