डोक्यावरचा कॅमेरा आणि हँगिंग गार्डनमधली कुस्ती

परवा टीममधल्या एका नव्या मुलाने विचारलं, "सर, हेल्मेटवर लावायला कुठला कॅमेरा घेऊ? शनिवारी पेण-नागोठणे-रोहा राईड आहे आणि रविवारी कुंडलिकेत राफ्टिंग." खरं तर उत्तर दोन ओळींचं होतं. पण मला काहीही विचारलं तरी मी इतिहासातून सुरुवात करतो. घरचे याला कंटाळलेत, तुम्ही अजून नाही असं धरून चालतो :)

तर मंडळी, ७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ही चित्रं पाहिली. फोटोग्राफीचा धंदा असलेला हा माणूस साहजिकच पुरता झपाटला. त्यांनी विलायतेतल्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला. आणि १८९९ मध्ये त्याच्यावर टिपलं काय? देव नाही, नाटक नाही. कुस्ती! हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची. म्हणजे आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणाची रिक्वायरमेंट त्या मुलाच्या रिक्वायरमेंटसारखीच होती. अंगाला झोंबणारी हालचाल पकडायची.

आता जरा कल्पना करा. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवलेला, हँडल हाताने फिरवायचं, आणि फिल्म धुवायला बोटीने लंडनला. नीट आलंय की नाही हे कळायला कित्येक आठवडे. आपण इथे व्हिडिओ कॉपी व्हायला दोन मिनिटं लागली तरी चिडतो.

पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्याची वाट न बघता दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन स्वतःच कॅमेरा घडवला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. मला हे प्रकरण सावेदादांपेक्षाही भारी वाटतं, पण त्यावर लिहायचं तर वेगळा वीकेंड लागेल. असो.

कॅमेरा डोक्यावर चढायला मात्र बराच काळ गेला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडच्या मोटोक्रॉस शर्यतीत डिक गार्सिया या रायडरच्या हेल्मेटवर कॅननचा छोटा कॅमेरा होता आणि त्याची चित्रं थेट टीव्हीवर गेली. पुढच्याच वर्षी मार्क शुल्झने माउंटन बायकिंगच्या व्हिडिओसाठी जुगाड केला. मोटरसायकलच्या हेल्मेटवर कॅमेरा, तिथून वायर, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये अख्खा व्हीएचएस रेकॉर्डर!

हसू नका. २००६ मध्ये मी अगदी हेच केलं होतं. त्या काळी 'बुलेट कॅमेरा' मिळायचा, लिपस्टिकएवढी नळी. तो स्वतः काहीच साठवत नसे. त्याची वायर हँडीकॅमच्या एव्ही-इनमध्ये घालायची आणि हँडीकॅम सॅकमध्ये ठेवायचा. सगळे हँडीकॅम एव्ही-इन देत नसत, त्यामुळे आम्ही महिनाभर फक्त स्पेसिफिकेशनं वाचत होतो. कॅमेऱ्याच्या लाइन्स किती, लेन्स किती रुंद, बॅटरी किती वेळ. हेल्मेटचा विचार कुणी केला नाही. क्लॅम्प बसेना, तेव्हा मी ड्रिल मशीन घेतलं आणि मित्राच्या हेल्मेटला दोन भोकं पाडून लोखंडी पट्टी नटबोल्टने आवळली.

पेणला मिसळ खाल्ली, वडखळ सोडलं, नागोठण्याहून रोह्याच्या रस्त्याला लागलो. भिसे खिंडीतल्या एका वळणावर खडी होती. मित्र पुढे होता. वेग फार नव्हता, गाडी घसरली एवढंच. अशा वेळी हेल्मेटचं गुळगुळीत कवच रस्त्यावरून सरकत जातं, म्हणून मान वाचते. याचं हेल्मेट सरकलं नाही. पट्टी रस्त्यात अडकली आणि डोकं जागच्या जागी पिळलं गेलं. सहा आठवडे मानेला कॉलर. आजही डावीकडे बघायचं तर तो खांद्यासकट वळतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, उलट तोच सगळ्यांना "खडी होती रे" असं सांगतो. भोकं मी पाडली होती. आणि टेपवर काय आलं? पेणच्या मिसळीची प्लेट. त्यानंतर रेकॉर्डचं बटण दाबायलाच आम्ही विसरलो होतो.

गंमत म्हणजे हा प्रश्न तेव्हा दुसरीकडे सुटत होता. निक वुडमन नावाच्या सर्फरने २००२ मध्ये गोप्रो सुरू केली. २००४ चा पहिला हीरो तर साधा ३५ एमएम फिल्मचा, मनगटाला बांधायचा कॅमेरा होता. २००६ च्या डिजिटल हीरोवर व्हिडिओ जेमतेम १० सेकंदांचा. खरी उडी २००९ च्या एचडी हीरोने घेतली. वायर गेली, सॅक गेली, पाण्याचं भय गेलं.

पाण्यावरून कुंडलिका आठवली. पावसाळा सोडला तर तिथलं खळाळतं पाणी मुळशी धरणाचं. ते सह्याद्रीच्या कड्यावरून टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरात उतरतं (सुरू झालं १९२७ मध्ये), वीज करतं आणि मग नदीत येतं. म्हणून राफ्टिंगची वेळ पाणी सोडण्याच्या वेळेवर ठरते. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ते २४ मुळशी सत्याग्रह लढवला. राफ्टमध्ये बसून सेल्फी व्हिडिओ काढताना हे कुणाच्या डोक्यात नसतं, माझ्याही नव्हतं.

तर त्या मुलाला मी सांगितलं ते असं. ४के की ५के हा वाद सोड, खड्ड्यांत चित्र स्थिर राहतंय का ते बघ. २०१८ च्या हीरो ७ ब्लॅकपासून हे काम चांगलं होतं, इतर कंपन्यांचंही आता होतं. बॅटरी दोन घे. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये उभा राहिलास तर वारा नसल्याने कॅमेरा तापून बंद पडेल, तेव्हा घाबरू नकोस. राफ्टमध्ये बकलला दोरी बांध. आणि रस्त्यावर कॅमेरा छातीच्या पट्ट्यावर किंवा हँडलवर लाव, हेल्मेटवर नको. केरळने २०२२ मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर बंदी आणली, ती याच कारणाने.

"पण सर, हेल्मेटवरून व्ह्यू भारी येतो ना," तो म्हणाला.

येतो. मग मी मित्राला फोन लावला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. दोघं वीस मिनिटं बोलत होते. शनिवारी सकाळी निघताना त्याने फोटो पाठवला. कॅमेरा छातीवर होता.