माथेरानची चढण

माथेरान पाहावयास निघालेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं तेथें पाहावयाचीं स्थळें किती. मार्गदर्शक पुस्तिका त्याच्या हातीं तिसांहून अधिक टोकांची यादी ठेवतात. पॅनोरमा, लुइझा, पॉर्क्युपाइन, अलेक्झांडर, गार्बट, चौक, रामबाग अशीं तीं नांवें होत. आणि दोन दिवसांच्या मुक्कामांत त्यांपैकीं शक्य तितकीं उरकण्याची घाई बहुतेकांस झालेली असते. परंतु ह्या डोंगराचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्यानें टोकांकडे मागाहून वळावें. मनुष्य ह्या डोंगरावर आजवर कसा चढला आणि त्याला वर कोणीं नेलें, हें त्यानें आधीं पाहावें. माथेरानचें सारें वेगळेपण ह्या एका प्रश्नाच्या पोटांत सांठविलेलें आहे.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा पडलेला, सपाट माथ्याचा, सुमारें २,६०० फूट उंचीचा हा डोंगर मुंबईच्या पूर्वेस सरळ रेषेंत अवघ्या तीसेक मैलांवर आहे. माथ्यावरचें रान तें माथेरान, अशी नांवाची सरळ फोड सांगतात. माती तांबडी, आणि झाडी जांभूळ, अंजनी, हिरडा यांची इतकी दाट, कीं भर वैशाखांतही वाटेवर ऊन तुकड्यातुकड्यांनींच पडतें.

१८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट ह्याचा तळ पायथ्याच्या चौक गांवीं पडला होता. हा मुलूख त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. उन्हाळ्यानें त्रासलेला हा अधिकारी आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूनें वर चढला, माथ्यावरची गर्द सावली पाहून संतुष्ट झाला आणि रामबागेच्या बाजूनें उतरला. त्याच प्रसंगास पुस्तकांतून माथेरानचा शोध असें म्हटलें जातें. शोध हा शब्द येथें जरा जपूनच वापरला पाहिजे. ठाकूर, कातकरी आणि धनगर हे लोक डोंगराच्या अंगाखांद्यावर पूर्वींपासून राहत होते, आणि आपल्या डोक्यावर काय आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? मॅलेटनें शोधली ती मुंबईकरांची सोय. वन ट्री हिलजवळून उतरणाऱ्या उभ्या वाटेला लोक शिवाजीची शिडी म्हणतात. नांव घेतांना कोणी पुरावा मागत नाहीं, परंतु ही वाट साहेबाच्या आधींची आहे एवढी लोकसमजूत त्यांत स्पष्ट दिसते.

मॅलेटनें वर घर बांधलें. १८५३ ते १८६० ह्या काळांत मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यानेंही येथें निवासस्थान उभारलें, आणि गव्हर्नर जेथें उन्हाळा काढतो तेथें इतरांनीं न जाणें शक्यच नव्हतें. योगायोग असा, कीं १८५६ सालीं लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोंचला आणि नेरळ हें मुंबईहून कांहीं तासांच्या अंतरावर आलें. युरोपियनांच्या मागोमाग पारशी, बोहरी व गुजराथी श्रीमंतांचे बंगले झाडींत उभे राहिले. पाण्यासाठीं शार्लट तलाव झाला. त्याच्या कांठीं पिसारनाथ हें ग्रामदैवत आहे.

परंतु नेरळ स्टेशनावर उतरल्यावर पुढें काय? पुढें होती सहा-सात मैलांची खडी चढण. धडधाकट मनुष्य ती पायीं किंवा तट्टावर बसून चढे. स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसें पालखींत किंवा डोलींत बसून जात. त्यांच्या पेट्या, वळकट्या, भांडीं, किंबहुना घराचें सारें सामान हमालांच्या डोक्यावरून चढे. थंड हवेचा जो घोंस मुंबईकर वर जाऊन घेई, त्याच्यासाठीं पायथ्याच्या माणसाचा घाम आधीं गळलेला असे. ह्या भोयांचीं आणि हमालांचीं नांवें कोणत्याही टोकाला दिलेलीं नाहींत. टोकांना नांवें मिळालीं तीं साहेबांचीं आणि मडमांचीं.

ही अडचण दूर करण्याचें मनावर घेतलें तें मुंबईचे उद्योगपति सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं नेरळपासून वरपर्यंत छोट्या रेल्वेचा संकल्प केला, वडिलांनीं पैसा दिला, आणि १९०४ सालीं कामास आरंभ झाला. सुमारें सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली ही गाडी २२ मार्च १९०७ रोजीं सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघें दोन फूट. मार्गाची लांबी सुमारें तेरा मैल, म्हणजे जुन्या चढणीच्या जवळजवळ दुप्पट. कारण डोंगर जेथें पायानें सरळ चढतां येतो तेथें गाडीला वळसे घ्यावे लागतात. कित्येक ठिकाणीं वीस फूट पुढें गेल्यावर एक फूट वर, इतका तीव्र चढ आहे. बार्शी लाइट रेल्वेमुळें ज्याचें नांव महाराष्ट्राला ठाऊक आहे त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनिअरचा सल्ला ह्या कामीं घेण्यांत आला होता. एंजिनें जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीनें बनविलीं. त्यांची रचना मोठी कुशल होती: टोंकाचे आंस वळणावर किंचित् बाजूस सरकत, आणि त्यामुळें अतिशय आंखूड वळणांवरूनही एंजिन रूळ न सोडतां वळे. वाटेंत बोगदा एकच, आणि तोही इतका लहान, कीं त्याला थट्टेनें एका चुंबनाचा बोगदा म्हणतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशीं स्टेशनें घेत, रानांतून वळवळत, गाडी दोन तासांहून अधिक वेळानें माथेरानला पोंचते. तिचा हा मंदपणा हाच तिचा गुण होय. १९८० नंतर वाफेचीं एंजिनें मागें पडलीं आणि डिझेलचीं राहिलीं, तरी घाईच्या मनुष्यानें तिच्या वाटेस जाऊं नये हा नियम कायम आहे.

डोंगरानें मात्र ही गाडी सहजासहजीं चालूं दिली नाहीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत मार्ग जागोजाग वाहून गेला व २००७ सालीं तो पुन्हां सुरू झाला. मे २०१६ मध्यें डबे रुळांवरून घसरल्यामुळें गाडी बराच काळ बंद होती. २०१९ च्या पावसानें पुन्हां तेंच झालें, आणि नेरळपासूनचा संपूर्ण प्रवास ऑक्टोबर २०२२ मध्यें पूर्ववत् झाला. एरव्हींही पावसाळ्यांत खालच्या टप्प्यावरील वाहतूक बंद ठेवतात.

मोटारीचा रस्ता झाला तो दस्तुरी नाक्यापर्यंत. तेथून पुढें मोटारीस मज्जाव, आणि २००३ सालीं केंद्र सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर ह्या निर्बंधास अधिकच बळ आलें. ह्या मज्जावाचें कौतुक होतें तें योग्यच आहे. परंतु नाक्यापासून बाजारापर्यंतचें दीड-दोन मैलांचें अंतर ज्याला चालवत नाहीं त्याचें काय? त्याच्यासाठीं घोडा होता, आणि हातरिक्षा होती. एक मनुष्य पुढून ओढी, दोघे मागून रेटीत, आणि आंत बसलेला प्रवासी येथील हवा किती निर्मळ आहे म्हणून समाधान पावे. धुराचें चाक वर्ज्य केलें खरें, परंतु त्याच्या जागीं मनुष्याची छाती जुंपली गेली. आणि स्वतंत्र देशांत हें सात दशकांहून अधिक काळ चालावें, ही गोष्ट भूषणावह खास नव्हती.

ज्या गांवांत हें घडत होतें त्याच गांवांत १ डिसेंबर १९१२ रोजीं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म एका नाभिक कुटुंबांत झाला होता. भाई कोतवाल म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते हेच. वकिलीची परीक्षा देऊनही ते कष्टकऱ्यांत राहिले, नगरपालिकेंत काम केलें, आणि बेचाळीसच्या लढ्यांत आझाद दस्ता उभारून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे त्यांनीं पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. टोकांची यादी पुरी करणाऱ्यानें ह्या नांवापाशीं क्षणभर थांबावें.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनींच पुढें विजेवर चालणाऱ्या रिक्षांची मागणी केली. घोडेवाल्यांचा तिला विरोध होता, आणि तोही पोटासाठींच होता; शेंकडों घोड्यांवर कित्येक घरें जगतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. डिसेंबर २०२२ मध्यें प्रयोगादाखल कांहीं ई-रिक्षा धावूं लागल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें न्यायालयानें स्पष्ट निर्णय दिला, कीं माणसानें माणसास ओढणें हें मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी व ई-रिक्षा त्याच श्रमिकांना भाड्यानें द्याव्या, असा आदेश सरकारला झाला. मॅलेटच्या चढाईनंतर १७५ वर्षांनीं ही गोष्ट घडली.

आतां ज्याचे पाय शाबूत आहेत त्यानें काय करावें? त्यानें चालावें. पहांटे उत्तरेकडील पॅनोरमा टोकावर जावें; सूर्य वर येतांना खालचीं भाताचीं खाचरें आणि नेरळचें स्टेशन हळूहळू धुक्यांतून बाहेर येतात. सायंकाळीं पश्चिमेस पॉर्क्युपाइन टोकावर बसावें. दरीपलीकडे प्रबळगड काळवंडत जातो. दक्षिणेस इर्शाळगडाचा सुळका दिसेल. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्याच्या कुशींतील ठाकरांची इर्शाळवाडी दरड कोसळून गाडली गेली, हें ठाऊक असलेल्या मनुष्यास तें दृश्य केवळ सुंदर वाटणार नाहीं. अधिक दमाच्या तरुणांना भिवपुरीच्या बाजूनें गार्बटची धार, किंवा पनवेलकडील धोदाणी गांवाहून वर येणारी वाट आहे. दोन्ही वाटा पावसांत निसरड्या होतात. माहितगाराशिवाय त्यांवर जाऊं नये, आणि कड्याच्या अगदीं कांठाशीं उभें राहण्याची हौस तर मुळींच करूं नये.

मे महिन्यांत बाजारांत जांभळें आणि करवंदें पानांच्या द्रोणांतून विकावयास येतात. तीं पायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी बायांनीं रानांतून वेंचलेलीं असतात. डोक्यावर पाटी घेऊन त्या बाया जुन्या पाऊलवाटेनेंच वर चढतात, आणि मुंबईचा पाहुणा नाक्यावर उतरून सामान मोजूं लागण्यापूर्वीं त्यांची अर्धी पाटी संपलेली असते.