पंचवीस टोकांची चांदणी

जर्मनीच्या पूर्व सीमेजवळ, साक्सनी प्रांतात, हेर्नहुट नावाचे लहानसे गाव आहे. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या अधिवेशनात युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने या गावाचा समावेश आपल्या यादीत केला. मोरेव्हियन बंधुसंघाची वसाहत म्हणून त्याला हा मान मिळाला. तरीही जर्मनीतील घराघरांत हे नाव पोहोचले आहे ते एका कागदी चांदणीमुळे.

या संघाचा इतिहास दुःखाचा आहे. बोहेमियातील धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ साली कॉन्स्टन्स येथे जाळण्यात आले. त्यांच्या अनुयायांतून १४५७ साली बंधुसंघ उदयास आला. पुढे कॅथलिक राज्यकर्त्यांच्या अमदानीत त्याचा छळ झाला व तो पांगला. मोरेव्हियातून निघालेल्या काही कुटुंबांना १७२२ साली काउंट झिंझेनडोर्फ यांनी आपल्या जमिनीवर आसरा दिला; तेच हेर्नहुट. हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली मनःपूर्वक खेद व्यक्त केला. त्या शब्दांनंतर या बंधूंच्या घरातील दिव्याकडे आपण अधिक मोकळ्या मनाने पाहावे.

थोर शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेनियस (१५९२-१६७०) हे याच संघाचे बिशप. मुलांना नुसते शब्द पाठ करायला लावू नयेत, वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढे आणावी, हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच १६५८ साली त्यांनी मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. डोळ्यांनी पाहून शिकण्याचा हा विचार पुढे हातांपर्यंत पोहोचला, त्याचे सुंदर उदाहरण म्हणजे ही चांदणी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंधुसंघाच्या नीस्की येथील शाळेत भूमिती शिकवण्यासाठी ती तयार झाली, असे परंपरा सांगते. तिच्या गाभ्याला अठरा चौरस आणि आठ त्रिकोण अशी सव्वीस पृष्ठे असतात. एक चौरस टांगण्यासाठी मोकळा ठेवायचा. उरलेल्या पंचवीस पृष्ठांवर निमुळती कागदी टोके बसवायची. माप चुकले की टोक बसत नाही, आणि घाई केली की कागद फाटतो. भूमितीबरोबर मुले सबुरीही शिकत.

संघाच्या वसतिगृहांत अनेक मुले मिशनऱ्यांची होती. आईवडील दूरदेशी प्रेषितकार्यात. वर्षानुवर्षे भेट नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ही मुले आपल्या हातांनी चांदणी जोडून दिवा लावत. बेथलेहेमचा तारा ज्ञानी लोकांना वाट दाखवत गेला. या मुलांना तो घराची ऊब देत असावा. १८९७ पासून हेर्नहुट येथे या चांदण्या विक्रीसाठी बनू लागल्या. मात्र आजही ती सुट्या भागांत मिळते आणि घरच्यांनी एकत्र बसून जोडावी लागते.

या बंधूंचे हात भारतापर्यंतही आले. हिमालयात लाहौलमधील केलाँग येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरेव्हियन मिशनरी विल्हेल्म हायडे यांच्या पत्नी मारिया यांनी तेथील स्त्रियांना लोकरीचे विणकाम शिकवले. पुढे त्या विणकामाला लाहौलचे स्वतःचे रंग व नक्षी लाभली. २०२१ साली लाहौली मोजे व हातमोजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले. परक्यांनी शिकवलेली कला अशी त्या मातीची झाली.

आपल्याकडे अशी कला नाही असे थोडेच आहे? बांबूच्या कामट्या, पिठाची खळ आणि पतंगी कागद यांतून दिवाळीचा आकाशकंदील आणि नाताळची चांदणी घरोघर होत असे. आता बाजारात प्लॅस्टिकची तयार चांदणी मिळते. मुलाच्या वाट्याला फक्त बटण दाबणे उरते.

आमच्या परभणी जिल्ह्यात, पेडगावच्या आसपासच्या पट्ट्यातही, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दिवाळीच्या सुमारास कित्येक आईबाप ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुले आजीजवळ किंवा वसतिगृहात असतात आणि नाताळ नेमका हंगामाच्या ऐन भरात येतो. नीस्कीच्या मुलांचे एकटेपण त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गांना एक सुचवावेसे वाटते. आगमनकाळातील एक रविवार कामट्या आणि कागदासाठी राखून ठेवावा. कामटी कशी तासावी, खळ कशी शिजवावी, हे गावातील वडीलधाऱ्यांनी शिकवावे. धर्म वा पंथ विचारू नये. प्रत्येक मुलाने दोन चांदण्या कराव्यात. एक आपल्या दारावर लावावी आणि दुसरी घडी करून, फडावरच्या कोपीत टांगण्यासाठी, आईवडिलांकडे धाडावी.