हातातले खेळ आणि त्यांचा अभिप्रेत खेळाडू

साहित्याच्या वर्गात आपण अभिप्रेत वाचकाविषयी पुष्कळ बोलतो. लेखक ज्या वाचकाला मनाशी धरून लिहितो, त्याचे वय, भाषा, अनुभवविश्व आणि फुरसत यांचे ठसे मजकुरावर उमटतात, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता वेगळे सांगावे लागत नाही. हीच कसोटी छापील मजकुराबाहेरच्या एका वस्तूला लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती वस्तू म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. १९८० नंतरच्या तीसेक वर्षांत जपानी, अमेरिकी आणि शेवटी एका फिनिश कंपनीनेही या खिशात मावणाऱ्या यंत्रांवरून चुरशीची स्पर्धा केली. त्या स्पर्धेचा इतिहास बहुधा तंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो ग्रंथसंग्रहांचा आणि वाचकवर्गांचा इतिहास वाटतो. एखाद्या यंत्रासाठी निघालेल्या सर्व खेळांना मिळून ‘लायब्ररी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द वाच्यार्थाने घेतला तर पुढचा प्रश्न ओघानेच येतो: हे ग्रंथालय कोणासाठी उघडले होते, आणि दाराबाहेर कोण राहिले?

आरंभ १९८० मध्ये होतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी ‘गेम अँड वॉच’ ही मालिका आणली. गणकयंत्राच्या पडद्यासारखा साधा पडदा, कोपऱ्यात घड्याळ, आणि एका यंत्रात साधारणपणे एकच खेळ. दुसरा खेळ हवा तर दुसरे यंत्र विकत घ्यायचे. योकोई यांची एक धारणा पुढे प्रसिद्ध झाली: नवे, महागडे तंत्र शोधत बसण्यापेक्षा जुने, स्वस्त झालेले, पूर्ण रुळलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा वेगळ्याच दिशेने उपयोग करावा. मराठी वाचकाला यावरून हलक्या कागदावर छापलेल्या रहस्यकथा-पुस्तिका आठवाव्यात. बाबुराव अर्नाळकरांनी अशा हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. कागद उंची नव्हता, पण वाचक अगणित होते.

१९८९ मध्ये योकोई यांच्याच विभागाने ‘गेम बॉय’ आणला. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’. या तिघांची तुलना केली तर कागदावर गेम बॉय सर्वांत दुबळा होता. त्याचा पडदा हिरवट-करड्या चार छटांचा, शिवाय मागून उजेड नसलेला. लिंक्स आणि गेम गिअर यांचे पडदे रंगीत आणि उजळ. सेगाने गेम गिअरला छोटा दूरचित्रवाणी संचही जोडता येईल अशी सोय केली, आणि जाहिरातींतून गेम बॉयच्या बेरंगीपणाची यथेच्छ टवाळी केली. परंतु गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. लिंक्स आणि गेम गिअर यांना सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. अमेरिकेत गेम बॉयची किंमत सुमारे ९० डॉलर होती, गेम गिअरची १५० आणि लिंक्सची १८०. पुढे रंगीत आवृत्ती धरून गेम बॉय ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकला गेला. गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला. लिंक्ससाठी तर जेमतेम सत्तर-ऐंशी खेळ निघाले. ग्रंथालयाची इमारत देखणी, पण कपाटे रिकामी, अशी त्याची अवस्था झाली.

केवळ सेलच्या हिशेबाने हा निकाल लागला असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत गेम बॉयसोबत कोणता खेळ द्यायचा, हा प्रश्न निघाला तेव्हा निन्टेंडोकडे स्वतःचा लोकप्रिय मारिओ होता. हेंक रॉजर्स या व्यावसायिकाने आग्रह धरला तो ‘टेट्रिस’चा. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, मारिओ दिलात तर लहान मुलगे मिळतील, टेट्रिस दिलात तर सगळेच मिळतील. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेला हा खेळ. त्यात नायक नाही, कथा नाही, शब्द नाही. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून ओळ भरायची. त्यामुळे त्याला वय नाही, लिंग नाही आणि भाषाही नाही. गेम बॉय शाळकरी मुलाच्या दप्तरातून मोठ्या माणसाच्या कोटाच्या खिशात गेला तो या खेळामुळे.

याच यंत्राला सात वर्षांनी नेमका उलट स्वभावाचा खेळ लाभला. १९९६ मध्ये जपानमध्ये सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’ निघाला. लहानपणी किडे गोळा करण्याच्या छंदातून ताजिरी यांना त्याची कल्पना सुचली. हा खेळ अक्षरशः वाचावा लागतो. गावोगावची माणसे बोलतात, पाट्या असतात, प्रत्येक प्राण्याची वर्णनपर नोंद असते. जपानबाहेर तो गेला तेव्हा त्याचे भाषांतर ही मोठीच वाङ्मयीन कामगिरी ठरली. जपानी ‘फुशिगिदाने’ इंग्रजीत ‘बल्बासॉर’ झाला, फ्रेंचमध्ये ‘बुल्बिझार’, जर्मनमध्ये ‘बिसासाम’. नुसता लिप्यंतराचा सोपा मार्ग न घेता या तिन्ही भाषांत नावाची नवी घडण केली गेली, कारण फ्रेंच किंवा जर्मन मूल त्या ग्रंथालयाचे हक्काचे वाचक मानले गेले होते. भाषांतर होते कोणासाठी, या प्रश्नाचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

पुढची मोठी चुरस २००४ मधली, म्हणजे ज्या वर्षी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षीची. निन्टेंडोचा ‘डीएस’ नोव्हेंबरात आणि सोनीचा ‘पीएसपी’ डिसेंबरात आला. पीएसपीचा पडदा रुंद आणि झळाळता. त्यावर चित्रपट पाहता येत, गाणी ऐकता येत. त्याच्यासमोर होता तो मिळवता तरुण. डीएसला दोन पडदे, त्यांपैकी एक बोटाने किंवा काडीने स्पर्श करण्याचा. त्याच्या संग्रहात कुत्र्याचे पिल्लू सांभाळण्याचा खेळ आला, मेंदूला व्यायाम देणारी अंकगणिताची कोडी आली. ज्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम हातात धरला नव्हता, अशा स्त्रिया आणि वृद्ध हे त्या खेळांचे अभिप्रेत खेळाडू होते. डीएस १५ कोटींच्या वर गेला, पीएसपी आठ कोटींच्या आसपास. पीएसपीचे यशही लहान नव्हते. जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ खेळण्यासाठी तरुण एकत्र जमत आणि चौघे मिळून एकाच श्वापदाच्या मागे लागत. फरक इतकाच की, एका कंपनीने असलेला वाचक जिंकला आणि दुसरीने नसलेला वाचक घडवला.

आता हा सारा इतिहास आम्ही जेथून लिहितो आहोत तेथून पाहू. वेळापूर हे माळशिरस तालुक्यातले गाव. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून येथे मुक्कामाला येते. वारीच्या आणि यात्रेच्या दिवसांत रस्त्याकडेला खेळण्यांची दुकाने लागतात. लिंक्स, गेम गिअर, डीएस यांपैकी एकही यंत्र या दुकानांत आम्ही पाहिले नाही. येथे आला तो चिनी बनावटीचा ‘ब्रिक गेम’. दोन पेन्सिल सेल, दहा बाय वीस चौकटींचा काळा-करडा पडदा आणि वर ‘९९९९ इन वन’ अशी भव्य घोषणा. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. वेग आणि पातळी बदलून आकडा फुगवलेला. त्यांतला मुख्य खेळ पाजित्नोव यांचाच, पण त्यांचे नाव यंत्रावर नाही आणि मोबदलाही त्यांना नाही. (अधिकृत टेट्रिसचाही मोबदला त्यांना मिळू लागला तो १९९६ पासून.) पोथ्यांच्या नकला होत होत मूळ कर्त्याचे नाव गळून पडावे आणि रचना मात्र घरोघर पोचावी, तसेच हे झाले. नक्कल करणाऱ्यांचा हेतू नफ्याचा होता, हे खरे. तरीही मॉस्कोतल्या एका गणितज्ञाची रचना ऊसतोडीच्या टोळीतल्या पोराच्या हाती पडावी असा मार्ग अधिकृत व्यवस्थेने काढला नव्हता, तो नकलेने काढला. असे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. खुद्द सोव्हिएत संघात १९८४ मध्ये गेम अँड वॉचमधल्या अंडी झेलण्याच्या खेळाची नक्कल ‘इलेक्ट्रोनिका’ या नावाने निघाली होती आणि तिच्यात तिथल्या लोकप्रिय चलचित्रमालेतला लांडगा अंडी झेलत होता.

दुसरे यंत्र आले ते फोनच्या रूपात, आणि येथे एक तुलना फार उद्बोधक आहे. २००३ मध्ये नोकिया या एकाच फिनिश कंपनीने दोन वस्तू बाजारात आणल्या. एक ‘एन-गेज’, खास खेळांसाठी घडवलेला फोन. त्याची अमेरिकेतली किंमत ३०० डॉलर. खेळ बदलायचा तर मागचे झाकण आणि बॅटरी काढावी लागे, आणि बोलायचे तर तो कानाशी आडवा धरावा लागे. तो साफ पडला. दुसरी वस्तू ‘नोकिया ११००’. धूळ आत शिरू नये असा सलग रबरी कळफलक, घामट हातातून निसटू नये अशी कड, आणि डोक्यावर विजेरी. विकसनशील देशांतला माणूस डोळ्यांपुढे ठेवून ती घडवली होती. जगभर तिचे २५ कोटी नग खपले. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन आले, तेव्हा त्या विजेरीचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. त्या फोनमध्ये जाता जाता घातलेला सापाचा खेळ आमच्या भागातल्या एका पिढीचा पहिला व्हिडिओ गेम ठरला. त्याआधीच्या ‘३३१०’ मध्ये तर ‘बंटुमी’ नावाचा खळग्यांत बिया वाटत जाण्याचा खेळ होता; आपल्या शेजारच्या कर्नाटकात ‘अळगुळी मणे’ म्हणून जो घराघरांत खेळला गेला, त्याचाच तो आफ्रिकी भाऊबंद. सर्व यंत्रांमध्ये आमच्या माणसाला ज्याने अभिप्रेत मानले तेच यंत्र येथे जिंकले, आणि ते खेळाचे यंत्र नव्हतेच.

परंतु या विजयातच एक उणीव दडलेली आहे आणि आमच्या मते मूळ प्रश्न तोच आहे. ब्रिक गेम, साप, बंटुमी हे सारे निःशब्द खेळ. खेळाच्या शब्दहीन अर्ध्या भागाचा वारसा आमच्या मुलांना मिळाला; कथेचा, संवादाचा, नावांचा अर्धा भाग मिळाला नाही. पोकेमॉन त्यांच्यापर्यंत पोचला तो कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी मालिकेतून आणि वेफर्सच्या पुड्यांतल्या चकत्यांतून; मूळ ग्रंथ बाजूलाच राहिला आणि त्याची चित्रे तेवढी दिसली. पुढे भारतीय कंपन्यांनी पीएसपीसाठी खेळ केले. हैदराबादच्या ‘गेमशास्त्र’ने ‘देसी अड्डा’ हा विटीदांडू आणि कबड्डीचा खेळ केला. मुंबईच्या ‘ट्राइन’ने २०१० मध्ये गल्ली क्रिकेटचा केला. आशय येथला होता. पण विटीदांडू प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलाला ते यंत्र परवडणारे नव्हते आणि ज्याला परवडत होते त्याला बहुधा विटीदांडू नको होता. अभिप्रेत खेळाडू चुकला की अस्सल आशयही निराधार होतो. गेम बॉयपासून पीएसपीपर्यंत कोणत्याही यंत्राच्या भाषायादीत मराठी आली नाही, ही त्याचीच दुसरी बाजू.

मराठी मूल अभिप्रेत वाचक होऊच शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला ‘चांदोबा’ची आठवण द्यावी. १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमधून सुरू झालेले ‘चांदमामा’ हे मासिक १९५२ मध्ये मराठीत आले. मद्रासच्या प्रकाशकाने मराठी मुलाला वाचक मानले आणि विक्रम-वेताळ कित्येक दशके आमच्या घरांत आमच्या भाषेत बोलत राहिले. तेथे तंत्र नवे नव्हते, कागद भारी नव्हता. गृहीतक तेवढे वेगळे होते.

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या मंदिराशी संबंधित यादवकालीन शिलालेख मराठीत आहेत. सुमारे सातशे वर्षांपूर्वी, जेव्हा अक्षर कोरणे हे अतिशय महागडे माध्यम होते, तेव्हाही कोणी तरी ही भाषा त्या माध्यमाला योग्य मानली. आज खिशातल्या फोनचा मेनू मराठीत करता येतो. त्यावरच्या कथाप्रधान खेळांची भाषा मात्र क्वचितच मराठी असते. आमच्या विद्यापीठांत ‘उपयोजित मराठी’च्या अभ्यासक्रमात जाहिरात, वृत्तलेखन, भाषांतर शिकवले जाते. त्यात एखाद्या कथाप्रधान खेळाच्या संवादांचे मराठीकरण प्रकल्प म्हणून द्यायला काहीच हरकत नाही. फुशिगिदाने या नावाला मराठीत काय म्हणावे, एवढ्या एका प्रश्नावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकेल. नाद, अर्थ, विनोद, मुलांची जीभ, सगळेच त्यात येते. कंपन्यांनी आम्हाला अभिप्रेत मानावे याची वाट पाहत बसण्यापेक्षा, आम्ही अभिप्रेत कसे दिसतो हे आधी आमच्याच भाषेत लिहून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.