तंत्र म्हणजे काय? हिंदू आणि बौद्ध परंपरेतील उगम व अर्थ

'तंत्र' म्हटले की आपल्याला लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि पैसे उकळणारा बाबा आठवतो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला तरुणांकडून दोन विधाने नेहमी ऐकू येतात. एक, तंत्रामुळेच भारतात बौद्ध धम्म बुडाला. दुसरे, तंत्र मुळात बौद्धांचेच, ब्राह्मणांनी ते पळवले. दोन्ही तपासून पाहायला हवीत.

शब्दात जादूटोणा कुठेच नाही. 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे. तंत्र म्हणजे माग आणि मागावर ताणलेले धागे. त्यावरून मांडणी, शास्त्र, ग्रंथ असे अर्थ आले. पंचतंत्र त्यातलेच आणि आपली मुले डिप्लोमा करतात ते तंत्रनिकेतनही.

पंथ म्हणून तंत्र पुढे आले ते साधारण इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकानंतर. गुरूकडून दीक्षा, मंत्र, मंडल, मुद्रा आणि याच जन्मात मुक्तीचे आश्वासन, हा त्याचा गाभा. शैवांचा 'निःश्वासतत्त्वसंहिता' हा सर्वात जुन्या तंत्रग्रंथांपैकी एक. बौद्धांच्या 'महावैरोचन सूत्रा'चे चिनी भाषांतर आठव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. मग कोणी कोणाचे घेतले? बिनयतोष भट्टाचार्य यांनी बौद्ध तंत्र आधीचे मानले. उलट अॅलेक्सिस सँडरसन यांनी 'चक्रसंवर' तंत्रातील कितीतरी मजकूर शैव ग्रंथांतून आल्याचे दाखवले. धारणी-मंत्र मात्र महायानात त्याआधीपासून होते. म्हणजे देवाणघेवाण झाली आणि स्पर्धाही. वज्रयानी मूर्तींत संवर हा भैरवाला पायाखाली तुडवताना दिसतो!

साधने सारखी दिसली तरी अर्थ वेगळा आहे. शैव-शाक्त तंत्रात शिव आणि शक्ती. स्त्रीरूप ही विश्व चालवणारी ऊर्जा. वज्रयानात स्त्रीरूप म्हणजे प्रज्ञा, शून्यतेचे ज्ञान, आणि पुरुषरूप म्हणजे उपाय, करुणा. जग निर्माण करणारा ईश्वर तिथे नाही. हा फरक न समजता युगनद्ध मूर्तींना अश्लील ठरवणे हा निव्वळ अडाणीपणा.

चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत राजे आणि ब्राह्मण आहेत, तसे चामड्याचे काम करणारे चमारीपा आणि विणकर तंतिपाही आहेत. त्यांची चरित्रे दंतकथांनी भरलेली आहेत, इतिहास म्हणून ती जशीच्या तशी घेता येत नाहीत. तरीही कष्टकरी जातींतील माणसाला गुरू मानणारी परंपरा त्या काळात होती, याची नोंद आपण घ्यायला हवी.

तंत्राने धम्म बुडाला म्हणावे, तर तोच वज्रयान तिबेटात, नेपाळच्या नेवार समाजात आणि जपानच्या शिंगोन पंथात कसा टिकला? भारतातील ऱ्हासामागे तुटलेला राजाश्रय, ब्राह्मणी धर्माचा वाढता जोर आणि बाराव्या-तेराव्या शतकांत उद्ध्वस्त झालेली महाविहारे ही कारणे अधिक ठोस आहेत.

अर्थात तंत्राचा इतिहास समजून घेणे म्हणजे ते स्वीकारणे नव्हे. दीघ निकायातील केवट्ट सुत्तात बुद्धांनी चमत्काराच्या प्रदर्शनाची किळस व्यक्त केली आहे आणि शिकवण हाच श्रेष्ठ चमत्कार मानला आहे. आपल्या वस्तीत कोणी 'तांत्रिक' अघोरी उपायांच्या नावाखाली लुबाडत असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सरळ पोलीस ठाण्यात तक्रार करावी.

आणि वेरूळला गेलात तर कैलास पाहून परत फिरू नका. 12 क्रमांकाच्या 'तीन ताल' लेण्यात नऊ चौकटींचे मंडल दगडात कोरलेले आहे, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व.