फुटसाल: लीग आधी, शिडी नंतर

आजचा विषय फुटसाल. 1930 साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात वायएमसीएचे शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी बास्केटबॉलच्या कोर्टवर फुटबॉल बसवला. एका बाजूला पाच खेळाडू आणि 40 मिनिटांचा खेळ, हे दोन्ही त्यांनी बास्केटबॉलकडूनच उसनं घेतलं.

भारतात मात्र गाडी उलटी धावली. 2016 मध्ये थेट प्रीमियर फुटसाल आलं. फाल्काव, रोनाल्डिन्यो, टीव्ही, सगळा झगमगाट! पण महासंघाची मान्यता नव्हती आणि खाली जिल्हा-राज्य स्पर्धांची शिडीही नव्हती. दोन हंगामांत कारभार आटोपला. मग 2021 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं दिल्लीत पहिली क्लब स्पर्धा घेतली, ती दिल्ली एफसीनं जिंकली. 2023 मध्ये देशाचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला.

आता नागभीडचं बघा. कबड्डी, खो-खोसाठी इथल्या पोरांना वाट माहीत आहे: तालुका, चंद्रपूर जिल्हा, नागपूर विभाग, मग राज्य. फुटसालचं मैदान 40 बाय 20 मीटर, म्हणजे हँडबॉलच्या कोर्टाएवढं. एवढी जागा शाळेच्या आवारात निघू शकते. खरी गरज आहे ती पहिल्या पायरीची: दरवर्षी ठरलेल्या तारखांना होणारी, नियम शिकलेले पंच असलेली तालुका स्पर्धा. कुणी स्टार येवो न येवो, ती झाली पाहिजे.